चिखलणीत क्लच घसरतोय का?

आवणी तोंडावर आली की खाचरात ट्रॅक्टर बंद पडणं परवडत नाही. २१ ते २५ दिवसांचं रोप लावलं तर फुटवे चांगले येतात. ट्रॅक्टर आठवडाभर गॅरेजला राहिला तर रोप जागेवरच जून होतं. म्हणून आज खताऐवजी क्लचबद्दल.

इंजिनाचा आवाज चढतो, पण चाकाला ओढ नाही, जळका वास येतो, म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. ऑटोमॅटिक कारमध्ये हे काम टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल करतं, तिथे थोडी घसर चालते. आपल्या ट्रॅक्टरची प्लेट बहुतेक कोरडी असते. घसरली की तापते, तापली की जळते.

मोठं कारण आपलीच सवय, पाय सतत पेडलवर! घाटघरच्या टप्प्याटप्प्याच्या खाचरांत बांध चढताना अर्धा क्लच धरतो, तिथेच प्लेट जाते. आधीच लो गिअर टाका. पेडलला मोकळा खेळ हवा, किती ते मॅन्युअलमध्ये असतं. तो संपला तर पाय नसतानाही प्लेट घसरते. मिस्त्रीकडून जुळवून घ्या.

आणि हे तर बरेच जण विसरतात. क्लच हाऊसिंगला खालून भोक असतं. चिखलात उतरण्याआधी तिथे प्लग लावा, नाहीतर पाणी आणि गाळ आत जातो. चिखलणी संपली की आठवणीने काढा. आत झिरपलेलं तेल बाहेर पडायलाच ते भोक आहे. प्लग राहिला तर तेच तेल प्लेटला लागतं. काढल्यावर तेल टपकलं तर ऑइल सील तपासा.

पॉवर टिलरवाल्यांनी आधी पट्ट्याचा ताण बघावा, पट्टा सैल झाला तरी लक्षण हेच दिसतं.