पुढचे वाक्य शनिवारी

आम्ही बेने इस्रायली. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून आमच्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. घाणे गेले, शनिवार राहिला. त्या सकाळी सिनेगॉगमध्ये काय वाचतात, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके. तिचे ५४ भाग पाडले आहेत. एकेका भागाला पराशा म्हणतात. दर शनिवारी एक, कधी दोन एकदम. सिमहाथ तोराच्या सणाला शेवट वाचून होतो आणि त्याच दिवशी पुन्हा ‘उत्पत्ती’ सुरू होते. चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेल्या मजकुरात स्वरचिन्हे नसतात; उच्चार आणि चाल वाचणाऱ्याला पाठ असावी लागते. शिवाय तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमल्याखेरीज गुंडाळीतून वाचन होत नाही. १९४८ नंतर आमची बहुतेक घरे इस्रायलला गेली आणि कोकणातल्या गावांत ही दहाची बेरीज जुळेनाशी झाली.

मन उदास असले की आपण गाथेचे हवे ते पान उघडतो. पराशा निवडता येत नाही. योसेफाची गोष्ट हवीशी वाटते, त्या आठवड्यात वाट्याला ‘लेवीय’ येते: त्वचेचे रोग, घराच्या भिंतीवरचे डाग. (ठाण्याचे पावसाळे काढलेल्या माणसाला त्यात परके काही वाटत नाही!) पण माझ्या मते खरी करामत आहे ती तुकडे कुठे पाडले त्यात.

आईच्या पश्चात घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाचे आणि माझे बोलणे तुटले. तो अश्दोदला. त्या हिवाळ्यात ‘मिकेत्स’ हा भाग आला. योसेफ मिसरचा अधिकारी झालेला, भावांनी त्याला ओळखलेले नाही. बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला सापडतो. योसेफ म्हणतो, हा माझा गुलाम होईल, बाकीच्यांनी सुखाने बापाकडे जावे. भाग इथेच संपतो. गोष्ट सर्वांना पाठ, तरी पुढचे वाक्य सात दिवसांनी. आठवडाभर मी त्या भावांबरोबर उभा होतो. एका भावाला टाकून ते पूर्वी एकदा घरी गेलेच होते. आताही वाट मोकळी होती.

पुढच्या भागाचे नाव ‘वायिगाश’, म्हणजे ‘तो जवळ गेला’. कोण? यहूदा. योसेफाला विकण्याची कल्पना ज्याची, तोच. त्याच्या लांबलचक बोलण्यात प्याला कोणी घेतला, याचा वाद नाही. मुलगा बरोबर नसताना बापापुढे कसा जाऊ, त्याच्याऐवजी मला ठेवा, एवढेच मागणे.

त्या शनिवारी रात्री नऊनंतर, तिकडचाही शब्बाथ संपल्यावर, मी फोन लावला. घराचा विषय काढला नाही. तुमच्याकडे आज काय वाचले, एवढेच विचारले. तेच वाचले होते. घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. फोन मात्र दर शनिवारी होतो.

दोन्हीकडची पराशा नेहमीच एक असते असे नाही. वल्हांडण इथे आठ दिवसांचा, तिथे सात. आठवा दिवस शनिवारी आला की ते पुढचा भाग वाचतात आणि आम्ही सणाचा. मग दोन भाग एकत्र वाचून गाठेपर्यंत आम्ही कित्येक आठवडे मागेच. त्या दिवसांत भाऊ फोनवर पुढचे सांगू लागतो आणि मी त्याला थांबवतो.