जुनें मैदान, जुनीं छायाचित्रें

अंबरनाथ, बदलापूर किंवा उल्हासनगर येथून आगगाडीनें मुंबईस जाणारा मनुष्य शेवटच्या स्थानकावर उतरून रस्ता ओलांडतो, तों त्याच्यासमोर आझाद मैदान पसरलेलें दिसतें. त्याच्या दक्षिण टोकास कुंपणाच्या आंत हिरवळीचा एक निराळा तुकडा आहे. तें बॉम्बे जिमखान्याचें मैदान. त्याजवरून नित्य जाणाऱ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल कीं, आपल्या देशांतील पहिला कसोटी क्रिकेट सामना याच गवतावर झाला. त्या काळचीं छायाचित्रें आज पुस्तकांतून व संग्रहांतून पाहावयास मिळतात. तीं कशीं पाहावीं, त्यांत काय दिसतें आणि काय दिसत नाहीं, याचा थोडा विचार येथें करूं.

हा जिमखाना १८७५ सालीं युरोपियन लोकांकरितां स्थापन झाला. त्याच्या बाहेरील मोकळ्या पटांगणावर पारशी, हिंदु व मुसलमान तरुण क्रिकेट खेळत. परंतु साहेबलोकांच्या पोलोच्या घोड्यांच्या टापांनीं तेथील जमीन उखडून जाई. याविरुद्ध १८८१ सालीं या तरुणांनीं सरकारकडे अर्जही केला. एका बाजूस राखलेली हिरवळ व दुसऱ्या बाजूस उखडलेली माती, हा भेद ध्यानांत ठेवूनच पुढील चित्रांकडे पाहिलें पाहिजे.

पहिला कसोटी सामना १९३३ च्या डिसेंबर महिन्यांत १५ पासून १८ तारखेपर्यंत झाला. आपले कप्तान सी. के. नायडू होते व इंग्लंडचे डग्लस जार्डिन. त्या प्रसंगाचीं छायाचित्रें पाहतांना प्रथम खेळाडूंकडे न पाहतां त्यांच्या पाठीमागें पाहावें. तेथें पक्क्या पायऱ्यांचें प्रेक्षागार नाहीं. आहेत ते तात्पुरते मांडव व कापडी शामियाने. यावरून कळतें कीं, हें मैदान एका क्लबाचें होतें, सर्व जनतेचें नव्हतें. लोकांकरितां जागा चार दिवसांपुरती उभारावी लागली. पुढें १९३७ सालीं ब्रेबोर्न स्टेडियम उघडलें, आणि जिमखान्यावर पुन्हां कसोटी सामना झाला नाहीं. म्हणून तो पहिला सामनाच तेथील शेवटचाही ठरला.

सामना इंग्लंडनें ९ गडी राखून जिंकला. तथापि लोकांच्या मनांत राहिली ती लाला अमरनाथ यांची खेळी. आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यांत, दुसऱ्या डावांत, त्यांनीं ११८ धावा केल्या; भारतीय खेळाडूचें कसोटींतील हें पहिलें शतक होय. नायडू यांनीं ६७ धावा करून त्यांस साथ दिली व दोघांनीं मिळून १८६ धावांची भर घातली. स्त्रियांनीं आपले दागिने काढून अमरनाथांस दिले असें सांगतात. याच मैदानावर १९२६ सालीं नायडू यांनीं विलायतेहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध ११ षट्कारांसह १५३ धावा काढल्या होत्या. त्या षट्कारांचा आवेश छायाचित्रांत शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. छायाचित्रांत उगारलेली बॅट राहते. चेंडू कोठें पडला तें कोणी सांगितल्यावांचून कळत नाहीं.

आतां याहून महत्त्वाची गोष्ट. १९११ सालीं इंग्लंडास गेलेल्या संघांत पालवणकर बाळू हे डावखुरे गोलंदाज होते, आणि त्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ गडी बाद केले. संघाच्या छायाचित्रांत ते इतरांच्या पंक्तीस दिसतात. चित्र पाहणारास वाटेल, येथें सर्व समान आहेत. पण चर्मकार कुटुंबांत जन्मलेल्या या खेळाडूस पुण्यास खेळत असतां चहा मिळे तो इमारतीच्या बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांतून. १९०६ सालीं जिमखान्याच्या याच मैदानावर हिंदु संघानें युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, त्यांत बाळू यांनीं ८ गडी बाद केले. परंतु कप्तानपद त्यांस मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें, आणि त्या वर्षीं हिंदु संघ विजयी झाला. विठ्ठल यांनीं १९४८ सालीं ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आत्मचरित्र मराठींत प्रसिद्ध केलें. बाहेर ठेवलेलें तें मातीचें भांडें कोणत्याही छायाचित्रांत नाहीं. तें आपणांस माहीत आहे तें लोकांनीं सांगितलें व लिहून ठेवलें म्हणून.

विद्यार्थिमित्रहो, यांतून आपणांस घेण्यासारखा बोध साधा आहे. छायाचित्र हें नुसतें पाहावयाचें नसतें, तें वाचावयाचें असतें. आणि तें वाचतां यावें म्हणून त्याच्यापाशीं चार शब्द असावे लागतात. उल्हासनगरचेंच उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं तेथें सैन्याची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर तिच्या बराकींतून सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले, आणि १९४९ सालीं त्या वस्तीस आजचें नांव मिळालें. घरदार सोडून येतांना कित्येकांस आपल्या माणसांच्या तसबिरीही आणतां आल्या नाहींत. ज्यांच्या घरीं त्या आहेत, त्यांनीं त्यांचें मोल ओळखावें.

आपल्या गांवच्या एखाद्या मैदानाचें, शाळेच्या संघाचें किंवा सामन्याचें जुनें चित्र घरीं असेल, तर तें घेऊन आजीआजोबांपाशीं बसावें. प्रत्येकाचें नांव, स्थळ व साल पाठीमागें मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें लिहावें, आणि शेवटीं एक प्रश्न अवश्य विचारावा: “त्या दिवशीं तेथें असूनही या चित्रांत नाहीं, असें कोण होतें?” जें उत्तर मिळेल, तेंही त्याच पाठीवर लिहून ठेवावें.