कोंबडीचं प्रगतिपुस्तक

शाळेत डॉक्टर येतात, जीभ बाहेर काढायला लावतात आणि तुमची उंची, वजन कार्डावर लिहून घेतात. ताप आला की तुम्ही आईला सांगता. (परीक्षेच्या दिवशी तर ताप नसला तरी सांगता!) परसातल्या कोंबडीला मात्र तोंडानं काही सांगता येत नाही. त्यात ती आपलं दुखणं लपवण्यात मोठी पटाईत! त्याचं कारण सरळ आहे. जो पक्षी आजारी दिसतो, त्याच्यावर मुंगसाची, बोक्याची पहिली नजर जाते. घरच्या इतर कोंबड्याही दुबळीला टोचून हैराण करतात. म्हणून ती उसनं अवसान आणून हिंडत राहते. ज्या दिवशी ती पंख पाडून कोपऱ्यात बसलेली दिसते, त्या दिवशी बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

वजन मात्र तिला लपवता येत नाही. पिसांचा फुगीर झगा बघून फसायला होतं, पण काटा फसत नाही.

विज्ञानाच्या तासाला पाहिलेला ताणकाटा आठवतो ना? तोच इथं कामाला येतो. पहाटे खुराडं उघडण्याआधी एकेक कोंबडी अलगद कापडी पिशवीत ठेवा. डोकं बाहेर राहू द्या, पिशवी काट्याला अडकवा, आकडा वाचा आणि पिशवीचं वजन वजा करा. पहाटेच का? तर दिवसभर टिपलेले दाणे गळ्याखालच्या अन्नपिशवीत साठतात आणि रात्रीतून खाली उतरतात. संध्याकाळी वजन केलं, तर कोंबडीबरोबर तिच्या जेवणाचंही वजन होईल! आणि बाजारात दिसतं तसं पाय धरून तिला उलटं लटकवू नका. पक्ष्यांच्या पोटात आपल्यासारखा श्वासपटल नसतो. उलटं धरलं की आतले अवयव हवेच्या पिशव्यांवर दाब देतात आणि तिला श्वास घेणं जड जातं.

गावठी कोंबडी साधारण एक ते दीड किलोची असते. असील जातीचा कोंबडा चार किलोच्याही वर जातो. तेव्हा शेजाऱ्यांच्या कोंबडीशी तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्या कोंबडीची तुलना तिच्या स्वतःच्या मागच्या आठवड्याशी करायची. म्हणून वही हवी. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचा धागा सैलसर बांधा, म्हणजे घोटाळा होणार नाही. समजा, लाल धाग्याची कोंबडी १३०० ग्रॅम होती, पुढच्या आठवड्यात १२३०, मग ११५०. डोळ्यांना ती तशीच दिसेल, पण वही ओरडून सांगतेय की काहीतरी बिघडलंय.

आता लगेच घाबरायचं का? नाही. ती खुडूक होऊन अंड्यांवर बसली असेल, तर एकवीस दिवस ती जेमतेम खायला उठते. तिचं वजन उतरणारच. पिसं गळायच्या दिवसांतही थोडं उतरतं. यातलं काही नसेल, तर मग तपासणी करायची.

पहिली खूण छातीची. छातीच्या मधोमध एक लांब हाड असतं, त्यावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं, तर छान. हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं, तर कोंबडी खंगलीय. पिसांत उवा असतील, तर त्या पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी सापडतात. आणि हो, नाक मुरडू नका, पण विष्ठाही बघायची! तपकिरी-हिरवट गोळा आणि वर पांढरी टोपी, ही ठीक. पांढरं ते तिचं मूत्र. पक्षी वेगळी लघवी करत नाहीत. अधूनमधून चॉकलेटी, चिकट, घाण वासाची पडते, तीही ठीक. पाण्यासारखी हिरवी, रक्त असलेली किंवा जंत दिसणारी मात्र ठीक नाही. जंतांचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून आणावं. अंदाजानं पाजू नये.

आता सर्वांत वाईट दुखण्याविषयी. आजी त्याला ‘मानमोडी’ म्हणते, डॉक्टर ‘राणीखेत’ म्हणतात. १९२६ साली हा रोग इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावाजवळ आणि जावा बेटावर ओळखला गेला. पुढे लवकरच तो कुमाऊंतल्या राणीखेत भागात सापडला आणि आपल्याकडे तेच नाव पडलं. कोंबडी चोच उघडून धापा टाकते, हिरवी हगवण लागते, काहींची मान पिळवटते. हा विषाणूचा रोग, त्यावर औषध नाही. आळीतली खुराडीच्या खुराडी चार दिवसांत रिकामी होतात. ज्या घरात अंडी विकून वह्या-पेन्सिली येतात, तिथं हे नुकसान लहान नसतं.

लस मात्र आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी लशीची सुई. अडचण वेगळीच आहे. लशीची एक कुपी शंभर-शंभर पक्ष्यांना पुरते, बर्फात ठेवावी लागते आणि पातळ केल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती फोडणार कोण? म्हणून सगळ्या वाडीनं एकच दिवस ठरवायचा. हे काम मोठ्यांनी मनावर घ्यायला हवं. घरोघर जाऊन कोंबड्या मोजून यायचं काम मुलं हौसेनं करतील. लस निरोगी कोंबडीलाच देतात, म्हणजे त्याआधी तुमची वही लागणारच!

पालकांसाठी एक गोष्ट. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर मुलांना तिकडे फिरकू देऊ नका, मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. एरवीही वजन झाल्यावर साबणानं हात धुवायचेच.

कोंबड्याची पाळी शेवटी ठेवा. तो पिशवीत जायला सहज तयार होत नाही आणि आरडाओरडा करून बाकीच्यांनाही बिथरवतो. त्याला धरायला दोघं जण लागतात, आकडा वाचायला तिसरा.