दुसऱ्याचं गाणं, आपला आवाज

अमेरिकेतल्या जुन्या गायकांच्या तबकड्या ऐकायला लागलं की एक गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटते. एकच गाणं दहा-बारा जणांनी गायलेलं असतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे 'शुक्रतारा' म्हटलं की अरुण दाते. गाणं आणि गळा यांची गाठ एकदा पडली की पडली. दुसऱ्या कुणी ते गायलं तर त्याला आपण मोठ्या प्रेमानं शाबासकी देतो, ''वा, अगदी हुबेहूब!'' तिकडे एखाद्या गायकाला हुबेहूब म्हणणं म्हणजे त्याचा अपमानच.

या गाण्यांना तिकडे 'स्टँडर्ड' म्हणतात. ज्यानं त्यानं गावं, वाजवावं, आणि प्रत्येकानं आपल्या पद्धतीनं मांडावं, असं सर्वांच्या मालकीचं झालेलं गाणं. श्रोतेहो, हे समजायला आपल्याला खरं तर अवघड जाऊ नये. आपली ख्यालाची बंदिश म्हणजे दुसरं काय असतं? यमनातली एखादी चीज कुणाची, असं आपण विचारत नाही. आज कोण गातंय आणि तिचं काय करतंय, एवढंच विचारतो.

आणखी एक साम्य आहे, ते मला जास्त मोलाचं वाटतं. ही स्टँडर्ड गाणी बरीचशी नाटकांतून आली. कोल पोर्टर, जॉर्ज गर्श्विन, जेरोम कर्न ही मंडळी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांसाठी गाणी रचायची. 'नाइट अँड डे' हे कोल पोर्टरचं गाणं १९३२ सालच्या 'गे डिव्होर्स' या नाटकातलं. फ्रेड अस्टेअरनं ते रंगमंचावर गायलं. दोन वर्षांनी नाटकाचा सिनेमा झाला तेव्हा पोर्टरची बाकीची सगळी गाणी गाळली, हे एकच ठेवलं. नाटक विस्मरणात गेलं, गाणं राहिलं. पुढे जाझवाल्यांनी ते उचललं आणि त्यावर आपापली आलापी केली.

आता जयसिंगपुरात बसून हे वाचणाऱ्याला ब्रॉडवे लांबचं वाटेल. पण इथून सांगली अर्ध्या तासाच्या आत. तिथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. शेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल, 'शारदा'कार. थोडं वर कृष्णाकाठी गेलं की नागठाणे, बालगंधर्वांचं जन्मगाव. इकडे कोल्हापूरला शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं तेव्हा या भागातल्या कितीतरी घरांत सुतक असल्यासारखी शांतता होती. सांगायचं ते इतकंच, की आपलं ब्रॉडवे आपल्या दाराशी होतं, आणि नाट्यपद हे मराठीतलं स्टँडर्ड आहे.

'स्वयंवर' नाटक १९१६ सालचं. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि त्यातल्या अनेक थेट ख्यालाच्या बंदिशींवरून घेतलेल्या. त्यातलं 'नाथ हा माझा' हे यमनातलं पद बालगंधर्वांनी अमर केलं. रंगमंचावर ते वन्समोअर घेत लांबत जायचं. तबकडीवर मात्र सगळं तीन-साडेतीन मिनिटांत बसवावं लागे. पुढच्या पिढ्यांनी ऐकलं ते हे तीन मिनिटांचं रूप, आणि तेच प्रमाण मानलं गेलं. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या नाट्यसंगीताचं इथेच थोडं नुकसान झालं. जे रोज रात्री बदलत होतं, ते तबकडीत थिजलं. मग प्रत्येक हरकत, प्रत्येक मुरकी जिथल्या तिथे आली पाहिजे, असा आग्रह सुरू झाला. शालेय नाट्यगीत स्पर्धांना मी अनेकदा परीक्षक म्हणून बसलो आहे. सातवीतली पोर तबकडीवरचं पद श्वासासकट म्हणून दाखवते. टाळ्या पडतात. मीही वाजवतो, कारण मेहनत खरी असते.

या आग्रहाला सरळ सामोरा गेला तो एक माणूस. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजे कुमार गंधर्व. १९६५ साली त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. नावातच सगळं आलं. हे बालगंधर्व नव्हेत, मला उमजलेले बालगंधर्व आहेत. तेव्हा बालगंधर्व हयात होते, सत्त्याहत्तरीच्या घरात होते. त्यांची पदं लोकांच्या कानात ताजी होती. अशा वेळी तीच पदं वेगळ्या तऱ्हेनं गायची म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती उचलून दुसऱ्या जागी ठेवण्यासारखं होतं.

कुमारांचा आवाज कसा, हे वेगळं सांगायला नको. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीला त्यांना क्षय झाला. देवासला सुमारे पाच वर्षं गाणं बंद होतं. बरे झाले, पण फुप्फुसाची पूर्वीची ताकद राहिली नाही. लांब दमसासाच्या ताना त्यांना सोडाव्या लागल्या. त्यांनी छोट्या छोट्या तुकड्यांतून गाणं उभं केलं. एक टोकदार सूर, मग शांतता, मग एकदम वर झेप. बालगंधर्वांचा सूर एका ओघात वाहतो, वळणावळणानं समेवर येतो. कुमार तेच वाक्य तोडतात, मधली जागा रिकामी ठेवतात. ती रिकामी जागा ऐकणाऱ्यानं भरायची असते.

इथे फ्रँक सिनात्राची आठवण येते, आणि गंमत म्हणजे ती उलट बाजूनं येते. सिनात्रा १९४० मध्ये टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदात दाखल झाला. डॉर्सी ट्रॉम्बोन वाजवायचा आणि श्वास कुठे घेतो ते कळू न देता लांबच लांब वाक्य ओढायचा. सिनात्रानं ते पाहिलं आणि गळ्यात आणलं. दम वाढावा म्हणून तो पाण्याखाली पोहायचा. म्हणजे एकानं श्वास नाही म्हणून वाक्य तोडायला शिकलं, दुसऱ्यानं श्वास कमावून वाक्य जोडायला. दोघांनीही दुसऱ्याच्या गाण्याचा अर्थ नव्यानं लावला तो श्वासाच्या जागा बदलून.

सिनात्राच्या जातीच्या गायकांना 'क्रूनर' म्हणत. क्रून म्हणजे हळू आवाजात गुणगुणणं, बाळाला जोजवताना करतो तसं. हा शब्द आधी हिणवण्यासाठीच वापरला जायचा. १९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, माइक आला. तोपर्यंत गायकाला भोंग्यात तोंड घालून जोरात गावं लागे, रंगमंचावर तर मागच्या बाकापर्यंत आवाज फेकावा लागे. माइकनं ती सक्ती काढून घेतली. आता कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. हे काही जणांना इतकं खटकलं की बोस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनी १९३२ साली या गायकांचा जाहीर निषेध केला. पुरुषानं असं कुजबुजत गाऊ नये, असा एकूण सूर. आपल्याकडेही भावगीत आलं तेव्हा 'हे काय, आवाजच नाही' म्हणणारे बुजुर्ग होतेच.

(जाझ आपल्या कानावर आलंच नाही असं मात्र समजू नका. मुंबईच्या हॉटेलांत ते वाजवणारे गोव्याचे वादक सिनेमाच्या वाद्यवृंदात आले आणि सी. रामचंद्रांसारख्या पुणतांब्याच्या माणसाच्या चालींत ते बेमालूम मिसळून गेले. पण तो वेगळ्या भाषणाचा विषय.)

हे सगळं ऐकून एखादा शिक्षक विचारेल, मग मुलांनी नक्कल करायचीच नाही का? करायची. कुमार गंधर्वांची पहिली ख्याती काय होती? सात-आठ वर्षांचा हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवतो, ही. लोक थक्क व्हायचे. पुढे १९३५च्या सुमारास मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला आल्यावर त्यांना कळत गेलं की त्या गाण्यात आपण कुठेच नाही. सिनात्राही बिंग क्रॉस्बीची गाणी ऐकतच गायक व्हायला निघाला, आणि आपण क्रॉस्बीसारखं गायचं नाही हे त्यानं लवकर ठरवलं. नक्कल ही शाळा आहे. आपण मात्र मुलांना त्याच वर्गात बसवून ठेवतो आणि तिथेच बक्षीस देतो.

स्वतःच्या गाण्याशीसुद्धा एकनिष्ठ राहायचं नाही, हे सिनात्राकडून शिकावं. 'नाइट अँड डे' त्यानं १९४२ मध्ये गायलं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्यात एक कोवळी आर्जवं करणारी लकब आहे. १९५६ मध्ये नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदाबरोबर तेच गाणं त्यानं ठेक्यात, ऐटीत म्हटलं. १९६१ मध्ये डॉन कोस्टाच्या व्हायोलिनांच्या साथीनं पुन्हा गायलं, ते संथ, पंचेचाळिशीच्या माणसाचं. शब्द तेच, चाल तीच, आणि गाणी तीन.

त्याच १९६१च्या ध्वनिमुद्रणांत त्यानं आणखी एक धाडस केलं. होगी कारमायकलचं 'स्टारडस्ट' हे तिकडचं सर्वांत लाडकं गाणं. त्याला सुरुवातीला एक छोटी प्रस्तावना आहे आणि मग सगळ्यांना पाठ असलेला मुख्य भाग. सिनात्रानं फक्त प्रस्तावना गायली आणि थांबला. मुख्य भाग गायलाच नाही. ऐकणारा तो मनात म्हणत राहतो.

कुणाला ऐकायचंच असेल तर क्रम असा ठेवा. आधी बालगंधर्वांचं 'नाथ हा माझा', मग लगेच कुमारांचं. दोन्ही आता फोनवर मिळतात, फक्त फोनच्या छोट्या कर्ण्यावर नको, कानात घालून ऐका. पहिल्या वेळी कुमारांचं खटकेल. कान सवयीनं बालगंधर्वांची पुढची जागा मागतो आणि तिथे कुमार गप्प असतात. दोन दिवस जाऊ द्या, आणि मग क्रम उलटा करून ऐका.