टीव्हीचा पडदा, संगणकाचा पडदा

मुलांनो, संगणकाचा पडदा केवढा असतो? तुमची एक मोठी वही उघडून उभी धरली, तर साधारण तेवढा. एकट्याने बसून काम करायला तो पुरतो. पण वर्गात तीस मुले असली तर? पुढच्या चार-पाच जणांना नीट दिसते. मधली मुले टाचा उंच करून पाहतात. अगदी मागे बसलेल्यांना मात्र पुढच्यांची डोकीच दिसतात!

आता सभागृहाच्या भिंतीवर लावलेला मोठा टीव्ही डोळ्यांसमोर आणा. तो कोपऱ्यातूनही दिसतो. मग हाच टीव्ही संगणकाला जोडला तर? हा विचार तुमच्याही मनात आला असेल. विचार चांगला आहे, आणि तसे करताही येते. पण टीव्ही प्लाझ्मा जातीचा असेल, तर आधी त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. नाहीतर अक्षरे नीट वाचता येत नाहीत, आणि कधी कधी पडद्यावर न पुसणारा डाग पडतो.

प्लाझ्मा म्हणजे काय, ते आधी पाहू.

तुम्ही लांब, पांढरी ट्यूबलाइट पाहिली असेल. तिच्या काचेच्या नळीत थोडा वायू आणि पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात. त्यांना अतिनील किरण म्हणतात. नळीच्या आतल्या बाजूला एक पांढरी पूड लावलेली असते. अतिनील किरण तिच्यावर पडले की ती पूड उजळते. तोच आपल्याला दिसणारा उजेड.

प्लाझ्मा टीव्हीच्या पडद्यात अशा लाखो इवल्याशा ट्यूबलाइटच असतात असे समजा. दोन काचांच्या मध्ये बारीक बारीक कप्पे असतात. त्यांत निऑन आणि झेनॉन हे वायू भरलेले असतात. वीज सोडली की वायूचे कण विजेने भारले जातात. अशा भारलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. त्यातून अतिनील किरण निघतात आणि कप्प्यातील पूड उजळते. कुठल्या कप्प्यात तांबडी उजळणारी पूड, कुठल्यात हिरवी, तर कुठल्यात निळी. असे तीन कप्पे मिळून चित्राचा एक ठिपका होतो. हे तीन रंग कमीजास्त उजळले की हवा तो रंग दिसतो. तिन्ही पूर्ण उजळले की ठिपका पांढरा, तिन्ही विझले की काळा.

आता एक गंमत ऐका. प्लाझ्मा पडदा मुळात टीव्हीसाठी बनवलेलाच नव्हता. तो जन्मला संगणकासाठी! १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन या तिघांनी तो तयार केला. तेथे ‘प्लेटो’ नावाचा संगणक होता. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. त्या काळच्या काचेच्या नळीच्या पडद्यावरचे चित्र क्षणात विझे. ते टिकवण्यासाठी संगणकाला तेच चित्र पुन्हा पुन्हा काढावे लागे, आणि त्यासाठी लागणारी संगणकाची स्मृती फार महाग होती. प्लाझ्मा पडद्याची गोष्ट वेगळी होती. एकदा पेटवलेला ठिपका ‘विझ’ असे सांगेपर्यंत पेटलेलाच राही. म्हणजे पडदा आपले चित्र आपणच लक्षात ठेवी!

१९७२ च्या सुमारास प्लेटोच्या नव्या यंत्रांना असे पडदे बसवण्यात आले. त्यांवर आडवे ५१२ आणि उभे ५१२ ठिपके होते. रंग एकच, नारिंगी. पडद्याला बोटाने स्पर्श करून उत्तरही देता येत असे. रंगीत आणि मोठे प्लाझ्मा टीव्ही त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९० नंतर बाजारात आले. तेव्हा प्लाझ्मा टीव्ही संगणकाला जोडणे म्हणजे त्याला माहेरी नेण्यासारखेच आहे!

मग अडचण कोठे येते? अडचण ठिपक्यांची आहे.

अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. समजा, लहान पाटावर वीस ओळी ठिपके दिले आणि मोठ्या अंगणातही वीसच ओळी दिल्या. अंगणातली रांगोळी मोठी होईल, पण तिच्यात जास्त नक्षी येईल का? नाही. ठिपके तेवढेच, फक्त दूर दूर.

टीव्हीचेही तसेच. ४२ इंची प्लाझ्मा टीव्हीचा पडदा सुमारे ९३ सेंटिमीटर रुंद असतो. अशा पुष्कळ संचांवर आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके असत. गुणाकार करून पाहा. ७,८६,४३२ ठिपके झाले. उलट, संगणकाच्या १७ इंची सपाट पडद्यावर आडवे १२८० आणि उभे १०२४, म्हणजे १३,१०,७२० ठिपके असत. पडदा लहान, पण ठिपके जास्त! त्या लहान पडद्यावरचा ठिपका पाव मिलिमीटरहून थोडा मोठा, तर टीव्हीवरचा ठिपका जवळजवळ एक मिलिमीटर रुंद. पुढे १९२० आणि १०८० ठिपक्यांचे प्लाझ्मा टीव्ही आले, ते या कामाला अधिक बरे.

ठिपका मोठा असला की जवळून अक्षरांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. मराठी वाचताना याचा फार त्रास होतो. आपल्या अक्षरांवर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात. अक्षर लहान असेल तर अनुस्वाराला एखादाच ठिपका मिळतो. तो दिसला नाही तर ‘अंग’ चे ‘अग’ होते आणि ‘खंत’ चे ‘खत’ होते. मागच्या ओळीतला मुलगा चुकीचे वाचतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

यावर उपाय सोपा आहे. संगणकावर अक्षरे मोठी करावीत आणि पडद्यापासून दूर बसावे. सुमारे तीन मीटर दूर गेले की एक मिलिमीटरचे ठिपके डोळ्यांना वेगवेगळे दिसत नाहीत, ते एकमेकांत मिसळतात. म्हणून असा टीव्ही सर्वांनी मिळून पाहण्यासाठी, वाचण्यासाठी चांगला. टेबलाशी बसून दोन हातांवरून निबंध लिहिण्यासाठी मात्र लहान पडदाच बरा.

आता जोडणी कशी करतात ते पाहू. हे काम शिक्षकांबरोबर किंवा घरातील मोठ्या माणसांबरोबरच करा. आधी टीव्ही आणि संगणक दोन्ही बंद करावेत. जुन्या संगणकाला व्हीजीए नावाची, पंधरा टाचण्यांच्या टोकाची तार लागते. ती फक्त चित्र नेते, आवाजासाठी दुसरी तार लावावी लागते. नव्या संगणकाला एचडीएमआय तार लागते. तिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. तार लावून दोन्ही यंत्रे सुरू केली, की टीव्हीच्या रिमोटवरून ‘चित्र या तारेतून घे’ असे सांगावे लागते. मग संगणकाचे चित्र टीव्हीवर येते.

चित्र आले की लगेच दोन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, कडा. पुष्कळ टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापून दाखवतात. चित्रपट पाहताना ते कळत नाही. पण संगणकाच्या पडद्यावर तळाशी महत्त्वाची चिन्हे असतात, तीच दिसेनाशी होतात. अशा वेळी टीव्हीच्या मांडणीत जाऊन ‘पूर्ण चित्र’ दाखवण्याची सोय निवडावी.

दुसरी गोष्ट, आकार. संगणकावर एक गोल काढा आणि तो टीव्हीवर पट्टीने मोजा. काचेवर पट्टी टेकवू मात्र नका. गोल जितका उंच तितकाच रुंद भरला पाहिजे. १०२४ आणि ७६८ ठिपक्यांच्या रुंद टीव्हीवर प्रत्येक ठिपका चौरस नसतो, आडवा असतो. त्यामुळे ३० सेंटिमीटर उंचीचा चेंडू ४० सेंटिमीटर रुंद दिसू शकतो. म्हणजे चेंडूचे अंडे झाले! नकाशा दाखवायचा असेल तर आपले मॉरिशस बेटही असेच पसरट दिसेल. तेव्हा मांडणी बदलून गोल खरोखर गोल करून घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती आहे डागाची.

सुट्टीत तुम्ही फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर दिवसभर खेळता. उन्हाने हात काळवंडतो. पण मनगटावरचे घड्याळ काढले की तेथे काय दिसते? पट्ट्याचा फिकट ठसा! जेथे ऊन लागले तेथे रंग बदलला, जेथे लागले नाही तेथे तसाच राहिला.

प्लाझ्मा पडद्यावर असेच होते. कप्प्यातील पूड जितकी जास्त उजळते, तितकी ती हळूहळू झिजते आणि तिचा उजेड कमी होतो. चित्र सारखे बदलत असले की सगळे कप्पे साधारण सारखेच झिजतात, म्हणून काही कळत नाही. पण संगणकावर तळाची पट्टी, घड्याळ, चिन्हे तासन्‌तास एकाच जागी असतात. तेथील कप्पे इतरांहून वेगळे झिजतात. मग दुसरे चित्र लावले तरी त्या पट्टीची सावली मागे दिसतच राहते. सावली थोड्या वेळाची असेल तर हलती चित्रे लावल्यावर ती जाते. पण खोल झीज झाली असेल तर ती कधीच जात नाही.

समजा, गणेशचतुर्थीला सभागृहात सर्वांना वाचता यावी म्हणून आरती पडद्यावर लावली. आरती झाली, सगळे प्रसादाला गेले, आणि पडदा बंद करायचा राहिला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे रात्रभर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मुलांना चित्रपट दाखवावा, तर नायकाच्या चेहऱ्यावर आरतीच्या ओळी!

असे होऊ नये म्हणून पुढील काळजी घ्या. उजेड फार वाढवू नका. तळाची पट्टी लपवून ठेवा. काही मिनिटे कोणी काम केले नाही तर पडदा आपोआप काळा होईल, अशी संगणकाची मांडणी करून ठेवा. मधल्या सुट्टीत टीव्ही बंद करा.

या संचाला वीजही बरीच लागते. ४२ इंची संच उजळ चित्र दाखवताना सुमारे २०० ते ३०० वॅट वीज घेतो. तेवढ्यात ४० वॅटच्या पाच-सात ट्यूबलाइट जळतील. पांढरे पान दाखवायला जास्त वीज लागते, अंधाऱ्या चित्राला कमी. त्यामुळे संच तापतो. म्हणून त्याच्या मागे हवा खेळती ठेवावी, त्याच्यावर कापड टाकू नये. काचेमुळे तो जडही असतो. मुलांनी तो कधीही उचलू नये. वादळाची सूचना मिळाली किंवा विजा चमकू लागल्या, तर मोठ्यांना सांगून त्याची तार भिंतीतून काढून ठेवावी.

आता मोठ्या कंपन्या प्लाझ्मा टीव्ही बनवत नाहीत. २०१४ साली त्यांचे उत्पादन जवळजवळ थांबले. हलके आणि कमी वीज घेणारे पडदे स्वस्त झाले, म्हणून लोक ते घेऊ लागले. पण एखाद्या सभागृहात किंवा घरात जुना संच अजून चालू असेल, तर तो फेकून देण्याची घाई कशाला? तीस मुलांना एकत्र धडा वाचता येईल, नकाशा पाहता येईल. आणि तुमच्या शाळेतला टीव्ही नव्या जातीचा असला, तरी ठिपके मोजणे, अंतर राखणे, गोल तपासणे आणि अक्षरे मोठी करणे तेथेही उपयोगी पडते.

मुलांनो, यंत्र जुने असो की नवे, त्याचा स्वभाव ओळखून त्याच्याकडून काम घ्यावे. मग ते आपल्याला पुष्कळ दिवस साथ देते. आणि पडदा लावून झाला की एकदा सर्वांत मागच्या ओळीत जाऊन बसा. तेथून ‘अंग’ वरचा अनुस्वार दिसला, तरच जोडणी नीट झाली असे समजा.

शब्दार्थ
अतिनील किरण – डोळ्यांना न दिसणारे एक प्रकारचे किरण
स्मृती – आठवण, लक्षात ठेवण्याची शक्ती
झीज – वापरामुळे हळूहळू कमी होणे
मांडणी – येथे अर्थ, यंत्र कसे चालावे याची निवड

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्लाझ्मा पडदा कोणत्या साली तयार झाला?
(आ) चित्राचा एक ठिपका किती कप्प्यांचा बनतो?
(इ) गोल काढून काय तपासायचे असते?
२. कारणे लिहा.
(अ) मोठ्या टीव्हीवर लहान अक्षरे नीट वाचता येत नाहीत.
(आ) एकच चित्र प्लाझ्मा पडद्यावर फार वेळ ठेवू नये.
३. अनुस्वार काढल्यास अर्थ बदलतो असे आणखी तीन शब्द शोधा.
४. उपक्रम : चौकटीच्या कागदावर ‘म’ हे अक्षर आधी मोठ्या, मग लहान चौकटी रंगवून काढा. दोन्ही कागद भिंतीला लावून जवळून व दुरून पाहा. काय फरक दिसतो ते वर्गात सांगा.