राजाच्या कारकुनाचे लेणे

पनवेलहून महामार्गाला लागलेल्या गाड्या बहुतेक सरळ गोव्याकडे जातात. पेण, नागोठणे, कोलाड मागे टाकून इंदापूरला उजवीकडे तळ्याचा फाटा लागतो. तिथून मांदाडच्या वाटेने गेले की राजपुरी खाडीच्या काठी कुडे गाव येते. गावामागच्या डोंगरात दोन थरांत 26 बौद्ध लेणी खोदलेली आहेत. अडीच-तीन तासांच्या या प्रवासात पनवेलकर थेट सुमारे दोन हजार वर्षे मागे जातो.

एवढ्या आडबाजूला एवढी लेणी का, याचे उत्तर समोरच्या खाडीत आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात चौलच्या पुढे ‘मंदगोरा’ नावाचे बंदर येते. ते आपले मांदाडच, असे अनेक अभ्यासक मानतात. बंदरात उतरलेला माल घाट चढून देशावर जाई, देशावरचा माल खाली येई. या वाटेवर भिक्खूंना पावसाळ्यात वस्तीला जागा हवी होती आणि व्यापाऱ्यांच्या हातात दानाला पैसा होता.

या किनारपट्टीवर तेव्हा महाभोज घराण्याची सत्ता होती. सातवाहनांसारखी यांची नाणी-ग्रंथांतून फारशी ओळख नाही. त्यांची नावे कळतात ती मुख्यतः लेण्यांच्या भिंतींवरून. पहिल्या लेण्यातला ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख पाहा. त्यात महाभोज मांदव खंदपालित हे राजाचे नाव आहे आणि त्याची ओळख ‘महाभोजी सडगेरी विजया हिचा पुत्र’ अशी आईच्या नावाने दिली आहे. पण लेण्याचा दाता राजा नाही. दाता आहे त्याचा लेखक शिवभूती. लेखक म्हणजे दरबारचा कारकून. त्याने बायको नंदा हिच्यासह हे लेणे दान दिले आणि दानलेखात आपल्या धन्याचे नाव घातले. पुढे राज्य गेले, राजवाड्याचा दगडही उरला नाही. राजा उरला तो कारकुनाच्या ओळीत.

सहाव्या लेण्यात या घरातली माणसे पुन्हा भेटतात. हे लेणे शिवभूतीचा धाकटा भाऊ शिवम आणि त्याची बायको विजया यांचे. लेखात मुलांबरोबर मुलींचीही नावे आहेत, आणि शिल्पकाम व खांब यांचाही वेगळा उल्लेख आहे. लेण्याच्या दर्शनी बाजूला हत्ती कोरले आहेत, आत स्त्री-पुरुषांच्या ठसठशीत जोड्या आहेत. भिंतींवरच्या बुद्धमूर्ती मात्र काही शतकांनंतरच्या. म्हणजे पहिले दाते गेल्यावरही इथला राबता तुटला नव्हता.

बाकीच्या लेण्यांतले दाते वाचत गेलो की गावाची खानेसुमारीच हाती लागते. वैद्य सोमदेव आहे, फुलांचा धंदा करणारा माळी आहे, भिक्खुणी आहेत. भायिला नावाच्या ब्राह्मण स्त्रीने चैत्यगृह दिले आहे. करहाकडचा, म्हणजे आजच्या कराडचा, लोखंडाचा व्यापारी महिक इथे येऊन लेणे देऊन गेला आहे. राजघराण्याच्या आश्रयाखाली उभ्या राहिलेल्या या डोंगराचा खर्च असा अनेक खिशांतून झाला.

राजवारसा म्हटले की आपल्याला तट, तोफा आणि सिंहासन आठवते. कुड्यात यातले काही नाही. खडकात खोदलेल्या साध्या खोल्या, निजायला दगडी ओटे आणि पाण्याची टाकी आहेत. या टाक्यांना लेण्यांतल्या लेखांत ‘पोढी’ म्हणतात.

जायचे तर पावसाळा सरल्यावर, सकाळी जावे. पाणी आणि शिदोरी बरोबर घ्यावी. हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे, भिंतीला हात लावू नये. ब्राह्मी येत नसली तरी पहिल्या लेण्यातल्या लेखाशी पाच मिनिटे थांबा आणि ‘ण’ शोधा. उभी रेघ, वर एक आडवी, खाली एक आडवी. त्याच्या आधी ‘ले’ आहे. शिवभूतीने आपल्या दानासाठी वापरलेला ‘लेण’ हा शब्द आपण आजही तसाच बोलतो.