जगाने वाचलेला बार्शीचा धडा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी, याविषयी जगाचे मत ज्या अभ्यासांनी घडवले, त्यांतला एक मोठा अभ्यास धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला. तेव्हाचे उस्मानाबाद. ज्या बायकांमुळे हे ज्ञान मिळाले, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ते अजून पोचलेले नाही, याची खंत वाटते म्हणून हा मागोवा.

सुरुवात १९८७ सालची, शेजारच्याच बार्शीची. शहरांतल्या कर्करोग नोंदण्या रुग्णालयांच्या कागदांवर चालत. खेड्यात कागदच नसत; कित्येक बायका दवाखान्याची पायरी न चढताच जात. त्यामुळे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली, तेव्हा तिथल्या माणसांना बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली गावे पायाखाली घालावी लागली. डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही या कामातली मोठी नावे. नोंद घ्यायला गेलेले लोक गावात बैठका घेत, लक्षणे समजावून सांगत. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले, संबंधानंतर रक्त दिसले, पांढऱ्या पाण्याला दुर्गंधी आली, तर लपवू नका, दवाखान्यात या. चार-पाच वर्षांत फरक दिसला. आजार लवकरच्या टप्प्यात असताना येणाऱ्या बायकांचे प्रमाण वाढले. नवे यंत्र नव्हते की औषध नव्हते. कुणीतरी दाराशी येऊन नीट बोलले होते, एवढेच.

या पायावर १९९९ मध्ये मोठा अभ्यास उभा राहिला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांनुसार चार गट पाडले. एका गटात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. दुसऱ्यात गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का हे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे, म्हणजे ‘व्हीआयए’. तिसऱ्यात हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही या विषाणूची चाचणी. चौथ्या गटाला माहिती दिली, तपासणीला मात्र बोलावले नाही.

निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या गटातले कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते: तिथे ३४, तपासणी न झालेल्या गटात ६४. उरलेल्या दोन पद्धतींनी असा ठळक फरक पडला नाही. याचे कारण आजाराच्या चालीत आहे. एचपीव्हीचा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. विषाणूच शोधला तर ही सगळी वर्षे हाताशी मिळतात.

त्या ६४ जणींपाशी मात्र मी थांबते. देशात तेव्हा तपासणीची सोयच नव्हती, म्हणून असा गट ठेवणे योग्य होते, असा बचाव झाला. पुढे त्यावर कडक टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. तपासणीचा उपयोग होतो हे पाश्चात्त्य देशांनी कित्येक दशके अनुभवले होते.

मुंबईच्या वस्त्यांमध्येही टाटा रुग्णालयाने १९९८ पासून असाच अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे साधी पद्धतही, पुन्हा पुन्हा आणि नीट केली, तर जीव वाचवते.

लसीच्या गोष्टीतही बार्शी आहे. २०१० मध्ये केंद्र सरकारने बार्शीसह ठिकठिकाणी चाललेले एचपीव्ही लसीचे अभ्यास थांबवले, तेव्हा अनेक मुलींना ठरलेल्यापैकी एकच मात्रा मिळाली होती. संशोधकांनी त्या मुलींचा माग सोडला नाही. एक मात्राही दीर्घकाळ संरक्षण देते, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ या लसीला देशात मान्यता मिळाली.

आणि शेजारच्या बीडमध्ये काय घडत होते? २०१९ मध्ये शासनाच्या समितीने पाहिले, तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येकींना कॅन्सरची भीती घातली होती. पन्नास-साठ मैलांवर खरी तपासणी सिद्ध झालेली असताना इथे नुसती भीती विकली गेली.

केंद्राच्या २०१६ च्या सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभरांतल्या जेमतेम दोघींनी ती कधीतरी केलेली होती. तिशी ओलांडली असेल तर काही त्रास नसतानाच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन ही तपासणी मागा. परवडत असेल तर एचपीव्ही चाचणी करा. आणि जाताना आईला, सासूला, घरी कामाला येणाऱ्या ताईंना सोबत न्या.